सकाळची सावली आमची

नांदेडला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक जुना कडुनिंब आहे. सकाळी फिरायला निघालेली मंडळी त्याच्यापाशी थांबतात आणि हमखास विचारतात, "किती वर्षांचा असेल हो हा?" मला या प्रश्नाचा राग येतो. मी चाळीसेक वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे प्रश्नांचा राग येणं मला शोभत नाही, पण येतो. कोणीतरी ठोकून देतं, शंभर, दीडशे. मग सगळे मान हलवतात आणि पुढं चालू लागतात. झाड बघायचं राहूनच जातं.

म्हातारं झाड बघायचं तर त्याच्याखाली जरा टेकावं लागतं. बुंध्यावरची साल कुठं फाटली, कुठं परत जुळली, तुटलेल्या फांदीच्या जागी कडा कशा वळून आत आल्या, हे बघावं लागतं. आणि मग वर बघायचं, मान दुखेपर्यंत. असं बघायला मला कोणी शिकवलं नाही. लहानपणी माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं, म्हणून ते आपोआप जमलं.

आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडं. तेव्हा लातूर हा जिल्हा नव्हता, आम्ही उस्मानाबादचे. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. वस्ती संपली की बांध, आणि बांधापलीकडं आबांचं रान. आबा म्हणजे गावातले बऱ्यापैकी मोठे शेतकरी. उंच, वाळकुडे, तोंडानं फटकळ. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही. आमची आई त्यांच्या रानात खुरपायला जायची. त्या बांधावर आंब्याचं एक झाड होतं. गावरान आंब्याच्या प्रत्येक झाडाला आमच्याकडं नाव असतं. याचं नाव होतं शेप्या.

शेप्या, कारण त्याच्या आंब्याला शेपूच्या भाजीचा वास. फळ लहान, चोखून खायचं, कोयीला केसर भरपूर. काहींना तो वास बिलकूल चालत नाही. माझ्या मुलांनी एकदा तोंडात घेऊन थुंकला. मी त्यांना माफ केलं, पण विसरले नाही. मला तो वास आजही भाजीवाल्याच्या गाड्यावर शेपूची जुडी दिसली की आधी आठवतो, भाजी नंतर.

झाड कोणी लावलं हे कोणालाच माहीत नव्हतं. आबा सांगायचे की त्यांच्या आज्यानंही ते एवढंच बघितलं होतं. आम्ही पोरी हातात हात धरून बुंध्याला मिठी मारायचो, तरी शेवटच्या दोघींची बोटं एकमेकींना लागायची नाहीत. साल काळी, खोल चिरांची, आणि चिरांतून मुंगळ्यांची वर्दळ. एका अंगाला ढोली होती, तिच्यात पिंगळा राहायचा. दिवसा तो तोंड बाहेर काढून आमच्याकडं रागानं बघायचा. सगळ्यात खालची फांदी आमच्या वस्तीच्या बाजूनं आडवी आली होती, एवढी जाड की तिच्यावर पाठ टेकून झोपता यायचं. मोहोर आला की आमच्या पत्र्यांवर त्याचा पिवळा भुगा पडायचा आणि सगळ्या वस्तीला तो गोडसर, जरा डोकं धरायला लावणारा वास. माझी आई तर मोहोराच्या दिवसांत उगीचच दारात उभी राहायची. काय करून राहिलीस गं, असं बापानं विचारलं की म्हणायची, "काय न्हाई. हुबी हाय."

वस्ती बांधाच्या मावळतीला, रान उगवतीला. त्यामुळं सकाळी सावली आमच्यावर पडायची आणि दुपार कलली की आबांच्या रानात जायची. सकाळची सावली आमची, दुपारनंतरची त्यांची. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, सूर्यच तसा चालतो. पण आम्हा पोरांना तो मोठा न्याय वाटायचा. सकाळच्या सावलीत वस्तीतल्या बाया धान्य निवडायच्या, लेकरांच्या वेण्या घालायच्या, भांडायच्यासुद्धा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय आणि त्यात माझी भर नको. मला आठवतं ते एवढं की आई-बाप दोघंही सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचे, घरात परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी असायची, शाळेत सुकडी, भाजलेलं गोड पीठ, मिळायची आणि ती मी अर्धी फ्रॉकच्या खिशात घालून घरी आणायचे. जनावरं छावणीला गेली होती. गावात भुंकायला कुत्रीसुद्धा कमी राहिली होती. आणि शेप्या वाळायला लागला होता.

आधी त्याची पानं गुंडाळली. मग शेंडे उघडे पडले. वरच्या फांद्यांवर कावळा बसला तर आता दुरून दिसायचा, पूर्वी कधी दिसला नव्हता. सकाळच्या सावलीला भोकं पडली. आई खडीवरून आली की हात-पाय न धुताच त्या सावलीच्या जागी जाऊन बसायची. संध्याकाळी तिथं सावली नसायचीच, ती आबांच्या रानात गेलेली असायची, तरी बसायची. एकदा वर बघत ती मला म्हणाली, "हे गेलं तर आपुन सगळे उन्हात येऊ बाई." मी लहान होते. मला वाटलं ती उन्हाचंच बोलतेय. तिला ते झाड जगायला हवं होतं. घरात दाणा नसतानाही हवं होतं, आणि हे ती कोणाला सांगू शकत नव्हती, कारण झाड आबांचं होतं.

आबांच्या पोरांचं मत वेगळं होतं. थोरला म्हणाला, वाळूनच चाललंय, लाकूड चांगलं आहे तोवर तोडून टाकू. आबांनी त्याला बांधावरच, आम्हा सगळ्यांच्या देखत, असं झापलं की तो बिचारा पुढं आठ दिवस बांधाकडं फिरकला नाही. पण नुसतं झापून झाड जगत नाही हे आबांनाही कळत होतं. त्यांच्या विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं, ते प्यायला आणि दोन बैलांना पुरेल एवढंच. झाडाला कुठून घालणार?

तेव्हा आबांनी हुकूम काढला. घरातल्या प्रत्येकानं आंघोळ शेप्याच्या बुंध्याशी करायची.

आंघोळीचा दगड बैलगाडीत घालून बांधावर आणला. बायकांसाठी तुराट्यांचा कूड उभा केला. आणि रोज सकाळी आबांचं अख्खं खटलं, लेकी-सुनांसकट, तांब्या-बादली घेऊन रानात. आबा स्वतः सगळ्यात आधी. थंडीच्या दिवसांतही त्यांचं 'हर हर गंगे' आमच्या वस्तीला ऐकू यायचं आणि आमच्याकडच्या बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. एकदा त्यांचे जावई आले. नवे जावई, लातूरच्या बाजूचे, पँट घालणारे. त्यांनाही बुंध्याशी बसवलं. ते संध्याकाळच्याच गाडीनं परत गेले आणि पुढं वर्षभर त्यांनी आंघोळीची वेळ टाळूनच यायचा नेम ठेवला. आम्ही पोरी म्हणायचो, आता शेप्याच्या आंब्याला साबणाचा वास येणार. आबांच्या कानावर हे गेलं. ते कूडापलीकडून ओरडले, "येऊ दे! तुमी तर तसाबी चोरून खाताव!" खोटं नव्हतं.

आमच्या वस्तीचा स्वतःचा आड होता, ओढ्याच्या अंगाला, बांधापासून जवळच, खोलगट जागी. तो पूर्ण कधी आटला नाही. तळाला झरा होता, वाटीवाटीनं पाणी जमायचं आणि बाया पाळीपाळीनं भरायच्या. आडाशेजारी धुण्याचे दगड होते. भांडी राखेनं घासायची, कपडे बाजाराच्या आदल्या दिवशीच धुवायचे. पण अख्ख्या वस्तीचं सगळं एकाच ठिकाणी व्हायचं, म्हणून तिथली माती दुष्काळातही ओली असायची. सांडलेलं पाणी एका चिरीतून बांधाकडं जायचं आणि जिरून जायचं. पुढं त्याचं काय होतं, हे बघायला कोणाला वेळ नव्हता.

चैत्रात, पावसाचं नाव नसताना, शेप्याला पालवी फुटली. आधी आमच्या बाजूच्या त्या आडव्या फांदीला. तांबूस, ओलसर, लोंबणारी पानं, हातात घेतली तर मऊ लागणारी. एवढ्या करपलेल्या मुलखात तो रंग बघून मोठी माणसंसुद्धा कामाला जाताना थांबली. मी आईला ओढत नेलं. फांदीखाली उभी राहून तिनं ती पानं गालाला लावली. दुपारी आबा आले, कंबरेवर हात ठेवून त्यांनी झाडाभोवती फेरी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा! माझ्या आंगुळीवर जगलं."

हे वाक्य पुढं दहा वर्षं गावानं ऐकलं. बाजारात, लग्नात, ग्रामपंचायतीत, कुठंही झाडाचा विषय निघो न निघो. नवी सून घरात आणली की आधी देवाला आणि मग शेप्याला न्यायचे, आणि तिथं आबा ती गोष्ट सांगायचे. त्या गोष्टीत जावई मात्र नसायचा.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, का ते निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. आबा म्हणाले, आता कोर्टकचेरीला उस्मानाबाद गाठायची कटकट गेली. माझा बाप म्हणाला, कटकट तीच राहील, फक्त जवळ आली. मी तेव्हा नांदेडला शिक्षिकेचा कोर्स करत होते. सुट्टीत घरी आले की गावात जीप दिसायला लागली. साहेब लोक यायचे, बघायचे, चहा प्यायचे. नवा जिल्हा म्हणून नवी कामं निघत होती. त्यातच आमच्या वस्तीला नळ मंजूर झाला.

नळ वस्तीत येणार म्हणजे काय, हे ज्यांनी आडावर पाळी लावून वाटीनं पाणी भरलं नाही त्यांना मी समजावून सांगू शकणार नाही. आमच्या आधी गावाच्या वरच्या आळीत नळ होऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्यासाठी कायम पुढच्या वर्षी. आता टाकीपासून पाइप बांधाच्या कडेनं खाली येणार, शेप्याखालून वस्तीत शिरणार आणि विहारासमोर तोटी बसणार, असं ठरलं. चर खणायला आमच्याच वस्तीतली माणसं होती. माझा बापही होता. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होते आणि रोज चर किती पुढं आला ते बघायला जात होते.

चर झाडाशी आला आणि थांबला.

कुदळ मुळीवर बसली होती. माती बाजूला केली तर मांडीएवढी जाड मुळी, तिच्यापुढं दुसरी, तिच्यापुढं आणखी. सगळ्या आमच्या बाजूला निघालेल्या. आणि खणत खणत आडाकडं सरकलं तर धुण्याच्या दगडांखाली बारीक मुळ्यांचं असं जाळं की फावडं आत जाईना. हातात धरलं तर ओलं. गुंता सोडवता येणार नाही असं. वर्षानुवर्षं जिथं आमची भांडी आणि धुणी होत होती, बरोबर तिथं. बघायला सगळी वस्ती गोळा झाली. आई पुढं आली, चरात उतरली आणि तिनं ती मुळी मुठीत धरून पाहिली. मग दगडाकडं बघितलं, मग झाडाकडं. तिला हसू येत होतं, आणि ते तिनं दाबलं नाही.

तेवढ्यात आबा धावत आले. वय झालं होतं, धोतराचा सोगा हातात, मागं थोरला मुलगा. नळाच्या कामावरचा मुकादम त्यांना म्हणाला, "आबा, मुळ्या तोडाव्या लागतील." आबा काही म्हणायच्या आत त्यांची नजर चरात गेली. मुळ्या कुठं आणि किती आहेत हे त्यांनी नीट पाहिलं. बुंध्यापासून आडापर्यंत नजर गेली आणि परत आली. आणि माझी आई, जी जन्मभर त्यांच्यापुढं मान वर करून बोलली नव्हती, ती चरातूनच म्हणाली,

"आबा, तुमची आंगुळ हितवर पोचली व्हय?"

क्षणभर मला वाटलं, संपलं. मग वस्तीतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळे. आबांचा थोरलासुद्धा. आबा हसले नाहीत. ते मातीच्या ढिगावर बसले. दहा वर्षं सांगितलेली गोष्ट एका कुदळीनं उलटली होती, आणि ती उलटलेली सगळ्या गावानं बघितली होती. मला तेव्हा त्यांची कीव आली, हे खरं आहे. पाणी तेही घालत होते. पण झाड पाणी पितं ते बुंध्याशी नव्हे, लांब पसरलेल्या बारीक मुळ्यांनी, आणि या म्हाताऱ्या झाडाच्या बारीक मुळ्या ओल शोधत शोधत आमच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या.

शेवटी ते मुकादमाला म्हणाले, "तोडलं तर ऱ्हाईल का झाड?"

"एका अंगाच्या समद्या तुटत्याल. कसं राहील?"

"खालून घाला की."

"खाली खडक हाय."

"माझ्या रानातून घ्या फिरवून. उभं पीक हाय, असू द्या."

मुकादम माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलं, पाइप मोजूनच आलेत, वळसा घातला तर वस्तीपर्यंत पोचायचे नाहीत. पुन्हा मागवायचे म्हणजे लातूरला लिहायचं आणि मग कधी येतील ते लातूरलाच ठाऊक. आता एक तर मुळ्या तोडून पाइप वस्तीत न्यायचा, नाही तर झाडाच्या अलीकडं, बांधावरच तोटी बसवायची. "वस्तीचा नळ हाय," तो म्हणाला, "वस्तीनंच सांगावं."

आबा उठले आणि घरी गेले. त्यांच्या झाडाचं काय करायचं ते आम्ही ठरवणार होतो. अशी वेळ त्यांच्यावर पूर्वी कधी आली नसावी. आमच्यावरही नाही.

संध्याकाळी विहारासमोर सगळे बसले. मी नळाच्या बाजूनं होते आणि ते मोठ्यानं सांगत होते. मी म्हणाले, झाड त्यांचं, पाणी आपलं. इतक्या पिढ्यांनी दारात नळ येतोय आणि आपण तो त्यांच्या आंब्यासाठी बांधावर सोडायचा? उद्या म्हातारी माणसं चिखलातून घागरी आणणार, ते कोण बघायला येणार आहे? पुष्कळांनी मान डोलावली. तो मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही. बाप म्हणाला, पोरगी बरोबर बोलती. एका म्हाताऱ्यानं झाडाचं पुण्य वगैरे काढलं, तर त्याला तिथल्या तिथं गप्प बसवलं गेलं.

आई कडेला बसली होती. सगळ्यांचं झाल्यावर तिनं विचारलं, "झाड त्यांचं हाय, हे कुणी सांगितलं तुमाला?"

मी म्हणाले, "आई, बांध त्यांचा आहे."

"बांध असंल. मुळ्या बगितल्याव का? हुबं त्यांच्यात हाय, पण जेवतंय आपल्यात. दुष्काळात आपल्या भांड्याचं पाणी पिऊन जगलं ते. माज्या हातचं पाणी पिऊन. मंग कामून तोडू मी?"

ती उपकाराची भाषा करत नव्हती, आणि मोठेपणाची तर मुळीच नाही. ती आपल्या मालकीचं सांगत होती. जन्मात पहिल्यांदा तिच्या मालकीचं काहीतरी निघालं होतं, तेही जमिनीखालून, आणि तिला ते तोडायचं नव्हतं. एवढं साधं होतं ते. मला राग आला होता, आणि तिचं पटतही होतं.

बोलणं पुष्कळ लांबलं, पण पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती फिरलं. शेवटी ठरलं, तोटी बांधावर. चर बुजवला. बुजवताना आईनं स्वतः उभं राहून उघड्या पडलेल्या मुळ्यांवर ओली माती टाकून घेतली आणि पायानं दाबली. पुढं कितीतरी वर्षं आमच्या वस्तीतल्या बाया बांधापर्यंत जाऊन पाणी आणत राहिल्या. पावसाळ्यात पाय घसरायचे. एक-दोन जणींनी आईला त्यावरून टोमणेही मारले, तिनं ते ऐकून घेतले.

आबांनी आभार मानले नाहीत. त्यांना ते येतच नसावं. भेटले की खोकायचे आणि वर बघायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा शेप्या पाडाला लागला होता, म्हणजे पहिले आंबे झाडावरच पिकून खाली पडायला लागले होते. त्या वर्षी असा लदबदला होता की आडव्या फांदीला खालून टेकू द्यावा लागला. आबांकडचे आंबे उतरवायचा दिवस कसा असतो हे पूर्वीपासून आम्हाला माहीत होतं. दिवसभर उतरवणी चालायची, त्यांच्या भावकीचे वाटे पडायचे, आणि संध्याकाळी उरलेसुरले, फुटलेले, मार लागलेले आंबे वस्तीतल्या कामाच्या बायांच्या पदरात टाकले जायचे. आई पदर पसरायची आणि खाली बघत घरी यायची. ते आंबे गोडच असायचे.

त्या वर्षी आबांचा थोरला सकाळीच आमच्या दारात आला. म्हणाला, "काकू, वाट्याला या म्हनलेत आबा."

आईला कळलं नाही. "कशाला?"

"वाट्याला," तो म्हणाला आणि गेला.

आई नवी साडी नेसली. मला म्हणाली, चल. रानात झाडाखाली आंब्यांचे ढीग घातलेले होते. भावकी जमली होती. आमच्याकडं वाटे करायची रीत अशी की ढीग होतील तेवढे सारखे घालायचे, मग एकानं ढिगांकडं पाठ करून बसायचं. दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस न बघता एकेकाचं नाव घेतो. जो ढीग ज्याच्या नावावर आला तो त्याचा, मग तो कसाही असो. त्यात कोणाची दांडगाई चालत नाही.

थोरला पाठ करून बसला. ढिगांवर हात ठेवायला आबा स्वतः होते.

"ह्यो कुणाचा?"

"धाकल्या चुलत्याचा."

"ह्यो?"

"आक्काचा."

"ह्यो?"

तो थांबला. मी आईकडं पाहिलं, ती झाडाकडं बघत होती.

"वस्तीचा," थोरला म्हणाला.

आबांनी हात उचलून पुढच्या ढिगावर ठेवला. बाकीचे वाटे झाले. भावकीतल्या कोणीतरी घसा खाकरला. आबांसमोर बोलायची छाती कोणाची होती? आई पुढं झाली. मी टोपली धरली. ती वाकून एकेक आंबा उचलून बघायला लागली, जरा जास्तच वेळ. मग तिनं कंबर सरळ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आबा, आमच्या वाट्याला डागी लई आल्यात. चार बदलून द्या."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांचा तो फटकळ आवाज चढला.

"वाटा पडल्यावर बदलत न्हाई! सख्ख्या भावाला कधी बदलून दिलं न्हाई, तुला काय म्हून देऊ?"

"मंग ढीग तरी नीट घालायचा," आई म्हणाली.

"फुडल्या वर्षी तू ये घालायला!"

"येते की."

आम्ही दोघी टोपली दोन्हीकडून धरून बांध उतरलो. आई घरापर्यंत कुरकुरत आली, आबांना ढीग घालता येत नाही, थोरल्याला नजर नाही, भावकीनं चांगले चांगले नेले. शेजारच्या बाया विचारायला आल्या तेव्हा ती पाय पसरून दारात बसली होती आणि टोपली पुढ्यात होती. "आमच्या वाट्याचे हाईत," ती म्हणाली, "पर डागी निघाले मेले." मग तिनं सगळ्या वस्तीचे वाटे घालायला घेतले आणि मला म्हणाली, "तू पाठ कर."